वडिलांच्या पेटीतली वारी



वारीचा इतिहास सांगायला उभे राहिले की आम्ही कीर्तनकार ठरलेल्या वाटेने चालतो. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. पुढे सुमारे १८३२ मध्ये हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या पोरांना ज्ञानेश्वरी, गाथा शिकायचे दार उघडले. हा इतिहास खरा आहे, तो सांगितलाच पाहिजे. मीही चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो सांगितला.

पण पाहा, नारायणमहाराजांच्या पालखीमागे जे चालले, हैबतबाबांच्या हाकेला ओ देऊन जे आले, त्यांचा इतिहास कोणी लिहिला? डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी, पताकेवाला, पाण्याची घागर वाहणारा, यांच्या बळावर ही वारी उभी आहे. त्यांचे चरित्र कोणत्या पोथीत नाही. ते असलेच तर तुमच्या-आमच्या घरात आहे. माळ्यावर, फडताळात, एखाद्या गंजलेल्या पेटीत. अशाच एका पेटीविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. ती माझ्या वडिलांची.

आमचे गाव बार्शी तालुक्यातले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि आजोबांना आबा. अण्णा १९८६ मध्ये वैकुंठवासी झाले. शाळा चौथीपर्यंत, कोरडवाहू जमीन, गळ्यात माळ, आषाढी-कार्तिकी चुकायची नाही. स्वभाव अबोल. दिंडीत वीणा त्यांच्या गळ्यात असे, एवढाच त्यांचा मान. आणि एवढीच त्यांची ओळख आम्हां मुलांना होती. त्यांच्यामागे त्यांची लोखंडी पेटी आईच्या खाटेखाली राहिली. वर गोधड्यांची चळत. आईही गेली. दोन वर्षांपूर्वी जुन्या घराचे माळवद उतरवायचे ठरले, तेव्हा पेटी अंगणात आणून उघडली.

आत काय होते? सोने-नाणे नव्हते. होत्या वारीच्या आठवणी. धोतराच्या चिंध्यांत बांधलेल्या बुक्क्याच्या पुड्या, गोपीचंदनाचे खडे, आळंदीच्या अजानवृक्षाचे वाळून चुरा झालेले पान, चंद्रभागेच्या वाळवंटातली मूठभर वाळू, तुळशीच्या माळेतले सुटे मणी. प्रत्येक पुडीवर बारीक अक्षरात सन आणि वारीचे नाव. आणि एका जुन्या पंचांगाच्या पानांत नीट घडी करून ठेवलेले कागद: यात्राकराच्या पावत्या, टोचणीचे दाखले, आणि रेल्वेचे एक तिकीट.

कीर्तनात एक शिस्त असते, ती तुम्हाला ठाऊक आहे. प्रमाणाशिवाय बोलायचे नाही. जे सांगाल त्याला संतांचे वचन पाठीशी हवे. इतिहासालाही हीच शिस्त लागते, फक्त तिथे प्रमाण म्हणजे कागद, वस्तू आणि जाणत्या माणसाची साक्ष. अण्णांची पेटी मी त्याच शिस्तीने पाहिली. एकेक कागद हातात घेतला आणि विचारले, बाबा, तू काय सांगतोस?

आधी पावत्या. पंढरपूरची नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेत असे. त्या पैशातून यात्रेची व्यवस्था व्हायची. काही पावत्यांवर रक्कम आण्यांत आहे आणि काहींवर नव्या पैशांत. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ च्या १ एप्रिलपासून आली आणि १९६४ च्या जूनमध्ये त्यातला 'नवा' शब्द गेला. त्यामुळे सन पुसलेली पावतीदेखील आपला काळ सांगते. आणे म्हणजे १९५७ च्या सुमारापर्यंतची. नवे पैसे म्हणजे त्यानंतरच्या सात वर्षांतली. पाहा, अक्षर पुसले तरी पैसा बोलतो.

मग टोचणीचे दाखले. आजच्या तरुण वारकऱ्यांना याची कल्पना येणार नाही. एके काळी यात्रा म्हटली की पटकीचे भय असे. लाखो माणसे, एकच नदी, तेच पाणी प्यायचे, त्यातच स्नान. पटकीची साथ वाळवंटात लागली की वारकऱ्यांबरोबर गावोगावी पोहोचे. पंढरीला गेलेला माणूस परत येईलच याचा भरवसा नसे. म्हणून निघताना घरच्यांच्या पाया पडून, देणेघेणे सांगून निघत. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये आपल्याकडे पटकीची लस माणसांना टोचून दाखवली. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. पुढे यात्रेला जाणाऱ्यांना ही लस टोचून घेतल्याचा दाखला मागितला जाऊ लागला. दंडाला टोचायचे, नाव लिहायचे, चिठ्ठी द्यायची. दंड दोन दिवस ठणके. तसाच टाळ वाजवत माणसे पुढे चालत.

अण्णांनी हे दाखले जपले होते. १९४८ पासूनचे. मी ते सनावार लावले आणि थांबलो. कारण १९४८ चे दाखले दोन होते. एक अण्णांच्या नावाचा. दुसरा आमच्याच गावच्या, पण दुसऱ्या एका माणसाच्या नावाचा. क्रमांक पाहिले तर लागोपाठचे. म्हणजे टोचणीच्या रांगेत हे दोघे एकामागे एक उभे होते. १९४९ चेही दोन. १९५० चेही दोन. असे १९५६ पर्यंत. दरवर्षी दोन दाखले, दरवर्षी क्रमांक लागोपाठ.

तो दुसरा माणूस गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. चोखोबांच्या जातीचा. त्यांच्या घरच्यांच्या इच्छेवरून नाव येथे देत नाही. अण्णांचे सोबती एवढेच म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, त्यात नवल काय? वारीत कोण कुणाला जात विचारतो? माउली, आज आपण असे म्हणतो, आणि म्हणतो ते चांगलेच आहे. पण १९४८ साल डोळ्यांसमोर आणा. सहा-सात वर्षे एक वीणेकरी आपल्या दिंडीतून न जाता गावकुसाबाहेरच्या माणसाबरोबर पंढरीला जातो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आणि तो दिंडीतून जात नव्हता, याला दुसरे प्रमाण आहे.

आमच्या दिंडीची वही आमच्याच घरी असे, कारण दिंडीचे मालक आबा. धान्याची वर्गणी, मुक्काम, कोण टाळकरी, कोण मृदंगी, वीणा कोणाकडे, हे सारे आबा मोडीत लिहीत. मोडी मला आबांनीच शिकवली. वही सांगते की १९४६ च्या कार्तिकीपर्यंत वीणेकरी म्हणून अण्णांचे नाव आहे. १९४७ च्या आषाढीला त्या जागी माझ्या चुलत चुलत्यांचे नाव आहे. आणि अण्णांचे नाव टाळकऱ्यांतही नाही, वर्गणीतही नाही. आबांनी स्वतःच्या हाताने आपल्या मुलाचे नाव गाळले होते. १९४६ ची कार्तिकी आणि १९४७ ची आषाढी यांच्यामध्ये काहीतरी घडले होते.

काय घडले, ते त्या एका तिकिटाने सांगितले.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना बार्शी लाईट आठवत असेल. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी. १८९७ मध्ये बार्शी ते जी.आय.पी.च्या बार्शी रोड स्टेशनपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, सुमारे २१ मैल ती धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास पोहोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. ही गाडी विलायतेतल्या एका खासगी कंपनीची होती. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली. यात्रेच्या दिवसांत डबे पुरत नसत; मालाच्या डब्यांतही माणसे भरत. चढावर गाडी धापा टाकू लागली की पोरे उतरून बरोबर चालत, असे आबा हसत हसत सांगायचे. आमची दिंडी आषाढीला पायी जाई आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन या गाडीने परत येई. पेरण्या खोळंबलेल्या असत.

पेटीतले तिकीट या गाडीचे. जाड पुठ्ठ्याचे, तिसऱ्या वर्गाचे, पंढरपूर ते बार्शी. टोकाला दाबून उमटवलेली तारीख: ११ मे १९४७.

या तिकिटाने दोन प्रश्न उभे केले. पहिला असा की मे महिना म्हणजे वैशाख. आषाढी नाही, कार्तिकी नाही, माघी नाही, चैत्री होऊन गेलेली. वैशाखाच्या वणव्यात अण्णा पंढरपुरात कशासाठी होते? दुसरा प्रश्न असा की प्रवास संपला की तिकीट स्टेशनच्या दारात द्यावे लागे. घरी येते ते न वापरलेले तिकीटच. या तिकिटाला तपासनिसाच्या चिमट्याची खाचही नव्हती. पैसे देऊन तिकीट काढले आणि गाडीत पाऊल ठेवले नाही. गरीब शेतकरी असे का करील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. त्या काळापर्यंत पंढरीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या भक्तांना प्रवेश नव्हता. ते महाद्वारासमोर, चोखोबांच्या समाधीपर्यंत येत आणि तेथूनच हात जोडत. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्यांना जिवंतपणी आत जाता आले नाही ते देहान्तानंतरही दाराशीच राहिले; आणि त्यांच्यामागून आलेल्या त्यांच्या लेकरांना सहाशे वर्षे त्याच जागी थांबावे लागले. दारात नामदेवांची पायरी, समोर चोखोबांची समाधी. आपण कीर्तनात हा प्रसंग सांगताना रडतो आणि रडवतो. पण रडून दार उघडत नाही.

ते उघडावे म्हणून साने गुरुजी उभे राहिले. 'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी. १९४७ च्या सुरुवातीचे महिने त्यांनी महाराष्ट्रभर गावोगावी हिंडून लोकांच्या मनाला हात घातला. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरेमहाराजांच्या मठात त्यांनी उपोषण मांडले. दहा दिवस सारा महाराष्ट्र पंढरीकडे डोळे लावून होता. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

१० मेला उपोषण सुटले आणि अण्णांच्या तिकिटावर तारीख ११ मे. अण्णा त्या दिवसांत पंढरीत होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदात नव्हते. त्याला माणसाची साक्ष लागली. मी अण्णांच्या सोबत्यांच्या नातवाकडे गेलो. ते सोलापूरला शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. तिकीट आणि ते नऊ वर्षांचे दाखले त्यांच्यापुढे ठेवले. आजोबांच्या नावाचा पहिला दाखला त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाराज, हे तिकीट मी कधी पाहिले नव्हते, पण याची गोष्ट माझ्या आजोबांनी मला दहादा सांगितली आहे."

गोष्ट अशी. त्यांचे आजोबा गुरुजींच्या उपोषणाची वार्ता ऐकून गावातून पायी पंढरीला गेले होते. अण्णाही गेले होते, वेगळे, कुणाला न सांगता. ११ तारखेला परतताना स्टेशनाबाहेर दोघांची गाठ पडली. अण्णांच्या हातात तिकीट होते. सोबत्यांकडे तिकिटापुरते पैसे नव्हते, आणि अण्णांकडेही दुसऱ्या तिकिटाला पैसे उरले नव्हते. सोबती म्हणाले, "पाटील, तुम्ही गाडीनं जावा, मी येतो चालत." अण्णांनी तिकीट बंडीच्या खिशात घातले आणि म्हणाले, "तिकीट राहू द्या. गावात आपण बरोबर जाऊ."

माउली, या वाक्याचा अर्थ नीट पाहा. बरोबर चालू, असे ते म्हणाले नाहीत. गावात बरोबर जाऊ, असे म्हणाले. वाटेने तर कुणीही कुणाबरोबर चालते. वाटेवर कोण पाहतो? प्रश्न गावाच्या शिवेवर येतो. मोडनिंब, कुर्डुवाडी करीत उन्हातान्हातून ते गावी आले. पन्नासएक मैलांची चाल. एका फडक्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. आणि तिसऱ्या दिवशी दिवसाढवळ्या, वेशीतून, दोघे एकत्र गावात आले.

गावाने ते पाहिले. दिंडीनेही पाहिले. पुढे काय झाले ते वहीत तुम्ही वाचलेच आहे.

आता आबांविषयी बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आबा दुष्ट नव्हते. निर्जळी एकादशी करणारा, दुष्काळात आपल्या कणगीतली ज्वारी वाटणारा तो माणूस. पण त्या दिवसांत पंढरीत अशी वार्ता उठली होती की मंदिर खुले होणार म्हणून काही मंडळींनी मूर्तीतले तेज मंत्रांनी पाण्याच्या घागरीत काढून घेतले आहे. आता आत राहिला तो नुसता दगड. कित्येक वारकऱ्यांनी ते खरे मानले. ते पंढरीला येत, चंद्रभागेत स्नान करीत, कळसाला हात जोडीत आणि आत न जाता परत फिरत. आबा त्यांतले एक. ज्या पायांवर चाळीस वर्षे डोके ठेवले ते पाय त्यांनी या समजुतीपायी सोडले. त्यांना किती यातना झाल्या असतील! एकाच घरातले बाप आणि लेक एकाच पंढरीला जात होते. एक कळस पाहून परतत होता, एक रांगेत उभा राहून आत जात होता. आई सांगायची की त्या वर्षांत अण्णा वारीला निघताना नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त बांधून घेत. कुणासाठी, हे तिने सांगितले नाही. दाखले पाहिल्यावर ते सांगायची गरज उरली नाही.

या ठिकाणी एक विचार तुमच्यापुढे ठेवतो. देवाचे तेज घागरीत मावते का? जो अणुरेणूत भरला आहे असे आपण रोज हरिपाठात म्हणतो, तो एका घागरीत कसा जाईल? आणि समजा तेज जाते, तर ते कशाने जाते? भक्ताला दारातून परत पाठवल्याने जाईल की भक्ताला आत घेतल्याने? आपले संत याचे उत्तर आधीच देऊन बसले आहेत. विठ्ठल चोखोबांबरोबर गुरे ओढतो, जनाबाईंबरोबर दळतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. ज्या देवाला कामाचा विटाळ झाला नाही, त्याला भक्ताच्या हाताचा होईल काय? अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी हे कधी निरूपण करून सांगितले नाही. त्यांनी तिकीट खिशात घातले आणि चालू लागले. त्यांचे निरूपण ते.

पेटीतल्या बुक्क्याच्या पुड्यांपैकी एकीविषयी सांगायचे राहिले. तिच्यावर 'कार्तिकी १९५३' असे आहे आणि त्याखाली आणखी तीन शब्द. बाकी कोणत्याच पुडीवर सन आणि वारीखेरीज काही नाही. हे तीन शब्द असे: 'आबा आत आले.'

हेही मी सोलापूरच्या त्या निवृत्त गुरुजींना दाखवले. त्यांना याचीही साक्ष आजोबांकडून मिळालेली होती. त्या कार्तिकीला आबा थकले होते. वाळवंटातून कळसाला हात जोडून ते खाली बसले आणि त्यांना उठवेना. अण्णा आणि त्यांचे सोबती स्नान करून दर्शनाला निघाले होते. अण्णांनी वडिलांना पाहिले, जवळ गेले, हात धरला. दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरायला हवे होते. सोबती दोन पावलांवर उभे होते. पुढे व्हावे की न व्हावे, अशा विचारात. तेव्हा आबांनी स्वतःच आपला दुसरा हात त्यांच्याकडे केला. काही बोलले नाहीत. तिघे तसेच महाद्वारापर्यंत आले. चोखोबांच्या समाधीपाशी आबा थांबले, वाकून माती कपाळाला लावली, नामदेवांच्या पायरीला हात लावला आणि दोघांच्या आधाराने आत गेले. सहा वर्षांनी त्यांनी पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवले.

तेज तेथे होते का? आबांनी कुणाला सांगितले नाही. पण दिंडीच्या वहीत १९५४ च्या आषाढीच्या पानावर, थरथरत्या मोडीत, वीणेकरी म्हणून पुन्हा अण्णांचे नाव आहे. त्याखाली टाळकऱ्यांच्या यादीत शेवटी एक नाव नव्याने आले आहे. तेच नाव टोचणीच्या दाखल्यांवर आहे. अक्षर आबांचे. आमच्या दिंडीच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वहीच्या त्या एका ओळीत आहे.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. पेटी जे सांगते ते सगळे सांगितले पाहिजे. दोन-दोन दाखले १९५६ च्या आषाढीपर्यंतच आहेत. १९५७ पासून एकच दाखला, अण्णांचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या गावच्या वस्तीनेही तो मार्ग धरला. अण्णांच्या सोबत्यांनी गळ्यातली माळ उतरवली. उतरवून कुठे ठेवली, माहीत आहे? अण्णांच्या हातात आणून दिली. पेटीत सापडलेले तुळशीचे ते सुटे मणी त्याच माळेचे, असे त्यांच्या नातवाने सांगितले. दोघांचा स्नेह मात्र शेवटपर्यंत राहिला. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला दोघे शेजारी बसत, ते मी स्वतः पाहिले आहे.

त्या निवृत्त गुरुजींनी मला निरोप देताना एक प्रश्न विचारला. म्हणाले, "महाराज, तुमचे वडील माझ्या आजोबांबरोबर चालले, त्याचा आम्हाला आदर आहे. पण एक सांगा, चोखोबांना संत म्हणणाऱ्यांना त्यांच्या लेकरांसाठी दार उघडायला सहाशे वर्षे का लागली?" प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी वारकरी आहे, प्रमाणाशिवाय बोलत नाही. आणि या प्रश्नाला सोयीचे प्रमाण नाही. खरे उत्तर एवढेच की संतांनी दार दाखवले होते. ते उघडायला हात लागतात, आणि हात पुढे करणारे फार थोडे निघाले. आपल्या कीर्तनांत चोखोबा आले, आपल्या पंगतीत ते यायला उशीर झाला. कोणी आपल्याला सोडून गेले असेल तर त्याच्या जाण्याचे कारण आपण आपल्या अंगणात शोधावे. हे बोलणे कडू आहे, पण आजारी माणसाला काढा कडू म्हणून टाळता येत नाही.

म्हणून माउली, या लेखाच्या निमित्ताने तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्याही घरी वडिलांची, आजीची अशी एखादी पेटी असेल. तीत टाळाची झिजलेली वाटी असेल, पावती असेल, दिंडीचा फोटो असेल. रद्दीत घालू नका. आधी विचारा. ही तारीख वारीची की अवेळची? या फोटोत उभा असलेला हा दुसरा माणूस कोण? वहीतून हे नाव का गेले आणि परत का आले? घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून साक्ष घ्या आणि लिहून ठेवा. मोडीतले कागद असतील तर मोडी वाचणारा शोधा. आणि जे निघेल ते, गोड असो की कडू, पुरे सांगा. आपल्या वाडवडिलांची थोरवी खरे सांगितल्याने कमी होत नाही.

आमच्या दिंडीची वही आता माझ्या पुतण्याकडे आहे. सध्या वीणा त्याच्या गळ्यात असते. त्याला मी मोडी शिकवतो आहे. १९४७ चे पान आणि १९५४ चे पान त्याने स्वतः वाचले. यंदाच्या आषाढीला महाद्वारी पोहोचल्यावर दिंडी चोखोबांच्या समाधीपाशी थांबेल, आधी तेथे एक अभंग होईल आणि मग नामदेवांच्या पायरीकडे पाऊल पडेल, असे दिंडीने ठरवले आहे. तुम्ही त्या गर्दीत असाल तर तुम्हीही क्षणभर थांबा. समाधीला हात लावा. मग पुढे चला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.